महिना किती भरू?

"ताई, एक तारखेपासून बचत सुरू करायची ठरवलंय. महिना किती भरू?" डिसेंबर सरत आला की हा प्रश्न मला जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीतसुद्धा गाठतो. मी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट आहे. सोप्या भाषेत, पोस्टाच्या आरडीचे, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम पाच वर्षं भरायच्या ठेवीचे, हप्ते घरोघर जाऊन गोळा करणारी बाई. विचारणाऱ्याने आकडा मनात धरलेला असतोच, दोन हजार, तीन हजार, नुकतं लग्न झालेलं असेल तर पाच. माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मी लगेच देत नाही. उलट विचारते, "गेल्या जूनमध्ये महिनाअखेरीला हातात काय उरलं होतं?"

तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

जानेवारी हा फसवा महिना आहे. दिवाळी होऊन गेलेली, लग्नसराईचा मोठा रेटा अजून लांब, संक्रांतीच्या वाणापलीकडे खर्च नाही. अशा महिन्यात पाकीट उघडून ठरवलेला आकडा मोठाच निघणार. मग एप्रिल-मे येतो, आहेर आणि गावी जाण्याचं भाडं घेऊन. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, गणवेश, रिक्षावाल्याचे आगाऊ पैसे आणि पावसाने गळणारं छप्पर, सगळं एकदम. जुलैत जरा श्वास घ्यावा तर श्रावण, पाठोपाठ गणपती. जानेवारीत दोन हजारांचं खातं उघडणारी माणसं जूनमध्ये दार उघडायला वेळ लावतात, हे मला आता पाठ झालंय. "ते घरी नाहीत हो." ते आतून खोकत असतात.

म्हणून माझं साधं म्हणणं असं, की आकडा वर्षातल्या सगळ्यात ओढाताणीच्या महिन्याला विचारून ठरवा. त्या महिन्यातही जे सुटलं असतं, तो तुमचा हप्ता. काहीच सुटलं नसतं, तर शंभर रुपये. पोस्टात आरडी शंभरापासून निघते, पुढे दहाच्या पटीत कितीही. शंभराला लाजू नका. लाजून हजाराचं खातं उघडलेल्यांपेक्षा शंभरवालेच मुदतीला माझ्याबरोबर काउंटरवर उभे असतात.

हे नीट बघायचं तर एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा हिशेब सांगते. तिलाही दोन हजारच भरायचे होते. तिच्या भिंतीवरचं कालनिर्णय आम्ही खाली उतरवलं. चौकोनाचौकोनात दुधाचे खाडे आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात कुणाच्या ब्लाउजचे किती आले. पानं उलटत गेलो तसं दिसायला लागलं. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत चौकोन गच्च भरलेले. पितृपंधरवड्यात एकही नोंद नाही, कारण त्या दिवसांत नवं कापड कोण शिवायला टाकतं? आषाढही कोरडाच. तिचं सरासरी उत्पन्न वाईट नव्हतं, पण हप्ता काही सरासरीतून भरता येत नाही, तो त्या-त्या महिन्यातून भरावा लागतो. पाचशे ठरले. आणि दिवाळीचा गल्ला हातात असताना सहा हप्ते एकदम आगाऊ भरायचे असंही ठरलं. पोस्ट सहा महिन्यांच्या आगाऊ भरण्यावर मासिक हप्त्याच्या शंभरामागे दहा रुपये सूट देतं, बारा महिन्यांच्या भरण्यावर चाळीस. म्हणजे तिला तीन हजारांऐवजी २९५० भरायचे. पन्नास रुपये वाचले याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की दोन हजारांचा विषय पुन्हा निघाला नाही. उसाचं बिल आल्यावर भरणाऱ्यांनाही मी हाच मार्ग सांगते. ज्यांचा पैसा वर्षातून एकदोनदाच येतो, त्यांनी दरमहाचा संकल्प सोडून एकदोनदाच भरायचा संकल्प करावा.

लोक दुसऱ्या टोकाने हिशेब मांडतात, "पाच वर्षांनी लाख हवेत." मांडा, हरकत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून आरडीला ६.७ टक्के दर लागू झाला, त्या दराने महिना हजाराचे साठ महिन्यांनी साधारण ७१,३६६ होतात. चौदाशे भरले तर लाखाला शंभराच्या आतच कमी पडतात. पण मग चौदाशेचा आकडा त्या जूनपुढे नेऊन उभा करा. नाही टिकला तर लाख कमी करा, नाहीतर मुदत लांबवा. जून काही तुमच्यासाठी बदलणार नाही.

आता चुकण्याबद्दल. हे कुणी विचारत नाही, कारण डिसेंबरात आपण चुकणार असं कुणालाच वाटत नसतं. पोस्टाला मात्र ते आधीपासून माहीत आहे. हप्ता चुकला तर शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड, बस. पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते आणि दंड भरा, खातं चालू. लागोपाठ चार चुकले की खातं थांबतं, आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा सुरू करून घेतलं नाही तर त्यात पुढे भरता येत नाही. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. एकदा चुकल्यावर किरकोळ टोचणी, सवय मोडायला लागल्यावर खरी भीती. चालायला जायचा संकल्प केलेली माझी शेजारीण एका पावसाळी सकाळी चुकली आणि "आता मोडलंच" म्हणून बूट माळ्यावर टाकून मोकळी झाली. तिच्या नियमात दंडाचं कलमच नव्हतं. वजन असो, वाचन असो, चुकल्यावर काय करायचं ते जानेवारीतच लिहून ठेवा, आणि तो दंड एका रुपयाइतकाच ठेवा.

आणखी एक युक्ती, एजंट लोक सहसा सांगत नाहीत. आरडीचा हप्ता मधेच कमीजास्त करता येत नाही. म्हणून दोन हजार भरायचेच असतील तर एक खातं काढू नका, पाचशेची चार काढा. पासबुकं सांभाळायचा ताप होतो, कबूल. पण घरात आजारपण आलं, तर दोन खाती थांबवून दोन चालू ठेवता येतात. एकच मोठं खातं असलं की सगळंच मोडावं लागतं, तेही तीन वर्षं झाल्याशिवाय नाही, आणि व्याज मिळतं बचत खात्याच्या दराने. निम्मी शिल्लक कर्जाऊ घ्यायची सोय वर्षभराने मिळते, ती आधी बघावी.

तारखेचंही बघा. पंधरा तारखेपर्यंत खातं उघडलं तर दर महिन्याचा हप्ता पंधरापर्यंत भरायचा, सोळापासून उघडलं तर महिनाअखेरपर्यंत. ज्यांचा पैसा वीस-बावीसला हातात येतो त्यांनी एक जानेवारीचा मुहूर्त साधायला धावू नये. सतरा जानेवारी त्यांच्यासाठी जास्त शुभ.

कुणाला वाटेल, ही बाई स्वतःच्या पोटावर पाय आणतेय. माझं कमिशन भरलेल्या रकमेवर शेकडा चार आहे, तेव्हा मोठा आकडा मलाही आवडतो. पण बंद पडलेल्या खात्यावर कमिशन शून्य.

तर येताना आधार, पॅन आणि फोटो आणा, आणि गेल्या जूनचा खर्च कागदावर लिहून आणा. वारस कोण लावायचा हेही घरीच ठरवून या. काउंटरवर त्यावरून नवराबायकोचं जुंपतं, आणि मागची रांग माझ्या नावाने बोटं मोडते.