‘दुसर्या’वर बसलेली विंडो

दिवाळी अंकांची पानं लावणाऱ्यांची दिवाळी ऑगस्टातच सुरू होते आणि ती फटाक्यांशिवायही डोकं उठवते. मी हे काम ठाण्यात नौपाड्यातल्या घरून करते. लॅपटॉप चौदा इंची, कुणीतरी वापरून विकलेला, पडदा १३६६ बाय ७६८. एवढ्या जागेत एका बाजूला लेखकाची मूळ फाइल, दुसऱ्या बाजूला लावलेलं पान आणि शिवाय मेल. दिवसाचा निम्मा वेळ विंडो सरकवण्यातच जायचा.

भाचा घणसोलीला राहतो. एका रविवारी ट्रान्स-हार्बर लोकलने जेवायला आला आणि माझं वरण-भात-आळूचं होईपर्यंत त्याने लॅपटॉपवर आय-थ्री बसवून टाकलं. मायकल स्टापेलबर्ग नावाच्या जर्मन प्रोग्रॅमरने २००९मध्ये सुरू केलेलं हे लिनक्सवरचं टायलिंग विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावर विंडो फरशांसारख्या मांडणारा प्रोग्रॅम. उघडलेली प्रत्येक विंडो पडद्यावर आपली जागा घेते, एकीवर दुसरी चढत नाही. पहिल्यांदा सुरू होताना ते विचारतं, मुख्य कळ कुठली हवी, विंडोजच्या चिन्हाची की ऑल्ट? भाच्याने विंडोजची निवडली. “मावशी, आता माउस विसर.”

मला ते लगेच आवडलं, कारण आमचंही काम तेच. पानावर कॉलम आखायचे, चौकटीत मजकूर सोडायचा. चित्र मजकुरावर चढलं तर प्रूफात लाल खूण येतेच.

पण काही विंडो चौकटीत बसायच्या नसतातच. प्रोग्रॅमने ‘मी डायलॉग आहे’ असं जाहीर केलं की आय-थ्री तिला तरंगती ठेवतं, आणि तरंगती विंडो कायम बाकीच्यांच्या वर असते. माझ्या बाबतीत ही विंडो म्हणजे लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅमची ‘फाइंड अँड रिप्लेस’, शब्द शोधून बदलायची.

ज्यांनी जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात आणलाय त्यांना ‘र्या’चं दुखणं माहीत असेल. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘बिचाऱ्या’चं ‘बिचार्या’. एका फटक्यात सगळे बदलता येत नाहीत, कारण ‘सूर्याचा’, ‘कार्यालय’, ‘पर्याय’ यांतला ‘र्या’ बरोबर असतो. एकेक शब्द डोळ्यांनी पाहून ठरवावं लागतं. आणि कंट्रोल-एच दाबलं की ती विंडो पडद्याच्या बरोब्बर मधोमध, नेमकी सापडलेल्या शब्दावर बसायची. शोधून काढायचं आणि त्यावरच बसायचं!

पहिला उपाय हाताचा. विंडोज कळ दाबून धरायची, डाव्या बटणाने विंडो कुठेही पकडून ओढायची. उजव्या बटणाने ओढली तर लहान-मोठी होते. १६ पानांच्या फर्म्यात हे चाळीस वेळा केल्यावर मी आय-थ्रीची कॉन्फिग फाइल, म्हणजे त्याच्या सेटिंगची फाइल, उघडली.

त्यात ‘फॉर-विंडो’ नावाचा नियम लिहिता येतो: अमक्या ओळखीची विंडो आली की तिचं असं कर. ओळख शोधायला टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक्सप्रॉप ही आज्ञा चालवायची आणि विंडोवर क्लिक करायचं. क्लासच्या ओळीत दोन नावं येतात. आधी मी कॅलक्युलेटरवर सराव केला, पहिलं नाव उचललं, काहीही झालं नाही. तासभर चडफडल्यावर कळलं की आय-थ्री ज्याला क्लास म्हणतं ते दुसरं नाव. माझ्या कॅलक्युलेटरची दोन्ही नावं एकच होती, फक्त दुसऱ्याचं पहिलं अक्षर कॅपिटल. आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घ तपासणारी बाई एका कॅपिटल अक्षरावर अडकली.

‘फाइंड अँड रिप्लेस’साठी मी विंडोचं शीर्षक धरलं आणि तिला वरच्या उजव्या कोपऱ्यात पाठवलं. दोन आठवडे सुख. मग हौसेने लिबरऑफिसचा चेहरा मराठी केला आणि विंडो पुन्हा मधोमध हजर! शीर्षकही मराठी झालं होतं, नियम मात्र इंग्रजीच शोधत होता. आता नियमात दोन्ही नावं आहेत.

स्क्रॅचपॅड, म्हणजे विंडो लपवून ठेवायची जागा, मात्र मला स्वतःला सापडलं, भाच्याने सांगितलं नव्हतं (तो म्हणतो सांगितलं होतं). विंडोज, शिफ्ट आणि वजाची खूण दाबली की समोरची विंडो गुप्त होते. विंडोज आणि वजा दाबलं की कुठल्याही वर्कस्पेसवर (आय-थ्रीत असे अनेक पडदे आलटून-पालटून वापरता येतात) तरंगत पुढे येते, पुन्हा दाबलं की गायब. तिथे मी अंकाची नियमावली ठेवते: या अंकात ‘ह्या’ नाही ‘या’, कवितेत लेखकाचं लेखन तसंच. पूर्वी हा कागद टेबलावर असायचा आणि नेमका चहाच्या कपाखाली सापडायचा.

तरंगती विंडो सगळ्या वर्कस्पेसवर चिकटून ठेवायचीही सोय आहे. एका कोपऱ्यात क्रिकेट चिकटवून पाहिलं. त्या दिवशी दोन पानं लागली. काढून टाकलं. माझं मत आता असं की जी विंडो मिनिटभरात बंद होणार तिनेच तरंगावं. बाकीच्यांनी आपल्या कॉलमात बसावं.

शेवटच्या दिवशी वागळे इस्टेटमधल्या छापखान्यातून तिसरा फोन आला, पीडीएफ कुठाय? मी निर्यातीची विंडो उघडली तर ती पडद्यापेक्षा उंच, खालची बटणं ७६८ पिक्सेलांच्या पलीकडे. कॉन्फिगमध्ये तरंगत्या विंडोच्या कमाल उंचीला मर्यादा घालून पाहिली. विंडो आखूड झाली आणि बटणं कापली गेली. भाच्याला फोन लावला. तो गाडीत, मागे दाराशी उतरणाऱ्यांची झुंबड.

“मावशी, कोपऱ्यात पाठवताना वर कुठे जागा संपते असं वाटतं ना तुला? संपत नाही. विंडोज कळ धर आणि वर ओढ, पडद्याच्या बाहेर जाऊ दे.”

ओढली. विंडोचं डोकं पडद्याबाहेर गेलं, पाय वर आले. बटण दिसलं, दाबलं, पीडीएफ रवाना.

अंक हातात आला तेव्हा पंधराव्या पानावर, तिसऱ्या ओळीत, ‘दुसर्या दिवशी’ होतं.