चार ओळी आणि दोन संध्याकाळी

"चार ओळी पुसल्यात म्हणतोस, मग त्या बघायला दोन संध्याकाळी कशाला रे?" वडगावात आमच्या शेजारी माग चालवणारे काका मला हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

मी लिनक्स कर्नेलमधल्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरांचे (डिव्हाइस चालवणाऱ्या कोडचे) पॅच, म्हणजे लोकांनी पाठवलेले बदल, तपासतो. मागच्या आठवड्यातला अगदी लहान होता. ड्रायव्हर ज्या ओळीत इंटरप्ट, म्हणजे डिव्हाइसने दिलेली हाक, मागून घेतो, ती ओळ बदलून 'डेव्हएम' प्रकारची केली होती. तशी केली की ड्रायव्हर काढताना कर्नेल इंटरप्ट आपणहून सोडतं. म्हणून रिमूव्हमधली, म्हणजे ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमधली, इंटरप्ट सोडणारी 'फ्री आयआरक्यू'ची ओळ उडवली होती. वर लिहिलं होतं, कामात काही बदल नाही.

बदल होता. कर्नेल आपणहून सोडतं ते रिमूव्ह संपल्यावर. आधी 'फ्री आयआरक्यू' चालायचं, ते चालू हँडलर (हाकेला ओ देणारं फंक्शन) संपेपर्यंत थांबायचं आणि मगच बफर (हँडलर ज्यात लिहितो ती मेमरी) मोकळा व्हायचा. आता बफर आधी जाणार, इंटरप्ट मागून सुटणार. मधल्या क्षणात डिव्हाइसने हाक दिली तर हँडलर मोकळ्या केलेल्या मेमरीत लिहिणार. इंटरप्टची लाइन दुसऱ्या डिव्हाइसशी सामायिक असेल तर आपलं डिव्हाइस गप्प असूनही शेजारच्या डिव्हाइसच्या हाकेला आपला हँडलर धावतो. रोजच्या वापरात हे वर्षानुवर्षं दिसणारही नाही, आणि दिसेल तेव्हा या पॅचकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

डिफमध्ये, म्हणजे फक्त बदललेला भाग दाखवणाऱ्या मजकुरात, बदलाच्या वर-खाली तीन-तीनच ओळी दिसतात. बफर मोकळा होत होता तो रिमूव्हने बोलावलेल्या दुसऱ्याच फंक्शनमध्ये. अख्खी फाइल वाचण्यात पहिली संध्याकाळ गेली, जुना इतिहास चाळण्यात दुसरी. मला साफसफाईच्या पॅचचीच जास्त धास्ती वाटते. नव्या कोडकडे सगळेच संशयाने बघतात, पुसलेल्या ओळीकडे कोण बघतं?

काकांना विचारलं, "मागाची मोटर बंद न करता सुताचा बीम उतरवाल?"

"येड्या, धोटा अंगावर येईल की!"

"त्या पॅचने मोटर नंतर बंद करायची ठरवली होती."

पाठवणाऱ्याला हाच क्रम लिहून कळवला. दोन दिवसांत नवा पॅच आला. त्यात बफरही 'डेव्हएम'चा होता, आणि इंटरप्टच्या आधी घेतलेला. कर्नेल या वस्तू घेतल्याच्या उलट्या क्रमाने सोडतं, म्हणजे इंटरप्ट आधी, बफर मागून. पुन्हा अख्खी फाइल वाचली आणि मग खाली 'रिव्ह्यूड-बाय', म्हणजे 'तपासणारा', असं लिहून माझं नाव घातलं.