मे महिन्यातलं कोल्हापूर आणि दोन पेठांचं आमचं घर

कोल्हापुरात मे महिना म्हणजे वर्षाची चटणी, सुट्टीला आलेली पोरंबाळं आणि फुटबॉल हंगामाचे शेवटचे चुरशीचे सामने. बंगळूरहून माहेरी यायला मला याहून चांगला महिना माहीत नाही.

यंदा पोचले तेव्हा गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. आई आणि वहिनी मसाला भाजायला बसल्या की गल्लीच्या तोंडापर्यंत ठसका जातो. मग डंकावर कुटून आणायचं, त्यात कांदा-लसूण मिसळायचा आणि बरण्या भरायच्या. तांबड्या रश्श्याची खरी तयारी ही इथे, उन्हात होते.

आमचं घर शिवाजी पेठेत, आजोळ मंगळवार पेठेत. बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. कोल्हापूरकराला लगेच कळेल. इकडे शिवाजी तरुण मंडळ, तिकडे पाटाकडील तालीम. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि आखाड्यातली ईर्षा मैदानात आली. म्हणून सामना असला की बाबा आणि मामा एका रिक्षातसुद्धा बसत नाहीत.

सामना राजर्षी शाहू स्टेडियमवर, चारचा. पायऱ्या अजून चटके देत होत्या, आम्ही वर्तमानपत्रं अंथरून बसलो. माझ्या मुलानं बंगळूरला कांतीरवा स्टेडियमवर सामने पाहिले आहेत, पण इथे तो बावरून गेला. कारण शेजारचे आजोबा बॅकला नावानं हाका मारत होते आणि त्याच्या वडिलांचा खेळ कसा होता तेही सांगत होते. हलगी कडाडत होती. गोल झाला तो कॉर्नरवरून, डोक्यानं, शेवटच्या काही मिनिटांत, आणि तो मामांच्या पेठेनं मारला. समोरच्या गॅलरीतून मामा आमच्याकडे बघून दोन्ही हात उंचावत होते.

"आजोबा, आपण हरलो?"

"आज हरलो. पोरं पळाली बघ कशी!" बाबा म्हणाले.

ही ईर्षा एवढ्यावरच थांबायला हवी. कधी ती डोक्यात जाते, दगड उचलले जातात, आणि त्या दिवशी घाम गाळलेल्या पोरांचा खेळ कुणाला आठवत नाही. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली भारताकडून सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. पेठेपेठेतली लहान मुलं त्याच्याकडे बघून बूट मागतात. त्यांच्यासाठी तरी गॅलरीनं स्वतःला आवरावं, असं मला मनापासून वाटतं.

सामन्यानंतर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. समोर म्हशीची धार काढतात आणि फेसाळ, कोमट दूध पेल्यातून हातात येतं. मुलाला मिशी आली. त्यानं दुसरा पेला मागितला.

हरणाऱ्यानं मटण आणायचं, असा आमच्या घरचा ठराव आहे. त्यामुळे रविवारी सकाळी बाबा पिशवी घेऊन निघाले. आईनं आधी अळणी रस्सा बाजूला काढला, त्यातूनच पांढरा होतो: नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू आणि खडा मसाला. तो उकळू द्यायचा नाही, नाहीतर फुटतो. तांबड्यात नवी चटणी पडली. मामा चार वाट्या पांढरा प्यायले आणि म्हणाले, "आक्का, जिंकल्यावर रस्सा जास्तच लागतोय बघ."

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून नृसिंहवाडी आणि खिद्रापूर. वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम उन्हाळ्यात खाली गेलेला असतो, घाटाच्या पायऱ्या संपता संपत नाहीत. दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी, आणि पुढे खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर, म्हणजे शिव आणि विष्णू, जवळजवळ. नंदी मात्र नाही. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, भोवती अठ्ठेचाळीस खांब. मुलं त्या गोलाखालच्या शिळेवर उभी राहून वर बघत राहिली. बाहेर आईनं आणि मामींनी मंदिराच्या पायाशी कोरलेले हत्ती एकेक करून न्याहाळले. प्रत्येकावरचा स्वार वेगळा आहे. हे मंदिर घाईनं बघायचं नाही. आम्ही तिथेच दुपार घालवली.

परतताना मामांनी मुलाला पुढच्या हंगामाचं आमंत्रण दिलं. हिवाळ्यात लीग सुरू होते, तेव्हा नाताळच्या सुट्टीची तिकिटं आत्ताच बघायला हवीत. बसायचं मात्र त्यांच्या गॅलरीत, अशी त्यांची अट आहे आणि बाबांना ती अजिबात मान्य नाही.