खानावळीतली हाडं

"हाडं न्यायला आलाय? कुत्री किती पाळलीत वो?" खानावळीच्या मागच्या दारात आचाऱ्यानं विचारलं. मटणाच्या ताटातून उरलेली हाडं मी पोत्यात भरत होतो. खरं कारण सांगितलं असतं तर वेड्यात काढला असता.

आमचं उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे लोखंडी भाग तापवून कडक करायचं, छोटं दुकान. रोजचं काम गिअर-पिनांचं, 920 डिग्रीला गॅस कार्बुरायझिंग, म्हणजे गॅसमधून पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवायचा आणि मग तो थर कडक करायचा. पण पुण्याचे एक जुन्या हत्यारांचे शौकीन चार क्लॅम्पचे जबडे घेऊन आले. एम.एस.चे, म्हणजे साध्या मऊ पोलादाचे, आरशासारखे घासलेले. "कडक तर कराच, पण जुन्या हत्यारांवर असतात तसे निळे-पिवळे ढगाळ रंगही पायजेत." ते रंग हाडांचा कोळसा आणि लोणारी कोळसा यांच्या मिश्रणात जॉब पुरून तापवला आणि पाण्यात विझवला की खुलतात. लोणारी कोळसा बाभळीचा, दारात मिळतो. हाडांचा मी स्वतःच करायचं ठरवलं.

घाई केली, तिथंच फसलो. रश्श्यात तासन्‌तास शिजलेली हाडं म्हणून धुतली न धुतली अशी पत्र्याच्या डब्यात भरली. झाकण तारेनं आवळलं, वर पेन्सिलीएवढं एक भोक, डबा भट्टीत. भोकातून धुराला जाळ लागला आणि शेजारच्या लेथवाल्यानं नाक धरून शटर ओढलं. जाळ विझायच्या आतच मी डबा बाहेर काढला आणि गरम असतानाच उघडला. कडेचे तुकडे हवा लागताच लाल होऊन पांढरी राख झाले. उरलेले फोडले तर आतून तपकिरी, बोटाला तेलकट. तरी तेच वापरले. पहिला जबडा पाण्यातून निघाला तो मेलेल्या माशासारखा करडा.

दुसऱ्या खेपेला हाडं फोडली, मगज काढला, धुण्याच्या सोड्यात उकळली, दोन दिवस पत्र्यावर वाळवली. (कावळ्यांपासून राखण करायला पोरगा बसवावा लागला.) भोकावरचा जाळ आपोआप विझेपर्यंत हात लावला नाही. मग भोकात माती थापली आणि डबा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तुकडा मोडला तर आरपार काळा, कोरडा. ज्वारीच्या दाण्याएवढा कुटून चाळला. हाडांच्या कोळशात कार्बन दहाएक टक्केच, बाकी बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट. म्हणून लोणारी कोळसा निम्मा घातला.

करडा जबडा परत घासला, चारही जबडे पेटीत त्या मिश्रणात पुरले. 740 डिग्री, दीड तास. यापेक्षा तापवलं तर कडकपणा खोल जातो, पण रंग पुसट होतात. पिंपात गार पाणी, तळाला कंप्रेसरची नळी, पाणी खदखदतंय. पेटीची कड पाण्याला टेकवून एका झटक्यात उलटी केली, कारण मधे हवा लागली की रंग गेलाच. फुस्स करून पिंपभर काळं पाणी. चाळणीनं पहिला जबडा वर काढला आणि आमचा मिस्त्री, जो कधी कशाचं कौतुक करत नाही, म्हणाला, "आयला, मोरपीस!"

तीन जबडे तसेच निघाले: निळ्यात गवती पिवळा, मधे राखाडी ढग. चौथ्यावर मात्र मधोमध एक लांबट डाग होता, रेषांसकट. माझ्या अंगठ्याचा. पुरताना कपड्यानं धरायला विसरलो होतो.

तो पुन्हा घासायला घेतला, हातमोजे घालून.