आडवंतिडवं वाचन

निबंधसंग्रह पहिल्या पानापासून वाचूच नये, असं माझं ठाम मत आहे. आज कोथरूडला येताना बस कर्वे रोडवर नेहमीसारखी अडकली (मेट्रो आली तरी!) आणि पिशवीत इरावतीबाई कर्व्यांचं 'परिपूर्ती' होतं. १९४९चं पुस्तक. मध्येच उघडलं. एका लेखात बाई वारकऱ्यांबरोबर पंढरीच्या वाटेवर चालतायत, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण-मराठे जेवायला वेगळे बसतात हे त्यांना सलतंय. शीर्षकलेखात मात्र सासर-माहेरची सगळी मोठी नावं सांगून झाली, तरी त्यांची ओळख पुरी होते ती रस्त्यातल्या पोरांमुळे, मुलाची आई म्हणून. डेक्कन कॉलेजातली मानववंशशास्त्रज्ञ आणि घरातली बाई एकाच पुस्तकात. कादंबरीत हे मिळत नाही. तिथे एकच सूर सांभाळावा लागतो.

याच पुण्यात १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' हे निबंधांचं मासिक सुरू केलं. ते वाचायला मला अजून दम लागतो, खरं सांगते.

निबंधसंग्रहात एक लेख नाही रुचला तर पान उलटायचं, लेखकावर रुसायचं नाही. कुणाकडे असे सरमिसळ लेखांचे जुने संग्रह असतील तर सुचवा. नुसती प्रवासवर्णनं नकोत, ती घरात पुष्कळ आहेत.