लिनक्सवर ‘दऱ्या’ नीट उमटेपर्यंत

माझं काम मुद्रितशोधनाचं. साताऱ्यात घरी बसून पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची प्रुफं वाचते. लॅपटॉप २०१५चा, चार जीबी रॅमचा. त्यावरच्या जुन्या सिस्टिमचे अपडेट बंद झाले आणि नवी आवृत्ती त्यावर चढेना. भाचा म्हणाला, “मावशी, लॅपटॉप टाकू नकोस. लिनक्स मिंट घाल, त्यातलं एक्सएफसीई घे. हलकं असतं.” लिनक्स ही विंडोजसारखी, पण फुकट मिळणारी सिस्टिम; मिंट हा तिचा एक प्रकार आणि एक्सएफसीई हा त्याचा हलका अवतार. भाच्याने दिलेल्या पेन ड्राइव्हवरून तासाभरात मिंट बसलं. वायफाय लागलं, प्रिंटरही सापडला. माझा जीव अडकला होता तो मराठीत.

इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी टाइप करायची कळांची मांडणी, माझ्या बोटांत बसलंय. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडला, इंग्रजी-मराठी पालटायला ऑल्ट-शिफ्ट ठेवलं. इनस्क्रिप्टची मांडणी १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय मानकातही दिलेली आहे, त्यामुळे सिस्टिम बदलली तरी कळा जागच्या जागी सापडतात. पहिला शब्द मुद्दामच ‘दऱ्या’ टाइप केला. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. ऱ्य बरोबर उमटला. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या आमच्या सह्याद्रीतल्या; हा फरक ज्या यंत्रावर दिसत नाही, त्यावर मला काम करता येणार नाही.

पहिला अडथळा आला तो दुपारी. चहा करून परत आले तर स्क्रीन लॉक झालेली. पासवर्ड टाकला, चुकीचा म्हणून परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला एकेक कळ बघून टाकला तरी नाहीच. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे काय उमटतंय ते कळायला मार्ग नव्हता. मग लक्षात आलं, उठताना लेआउट मराठीवर राहिला होता आणि पासवर्ड देवनागरीत जात होता. ऑल्ट-शिफ्ट दाबलं आणि दार उघडलं. तेव्हापासून खुर्चीतून उठण्याआधी कोपऱ्यातलं लेआउटचं चिन्ह बघते. घरी कुणी नवं लिनक्स घालणार असेल तर त्याला ही गोष्ट आधी सांगावी, उगाच सगळं पुन्हा बसवायला घेतील.

दुसरी अडचण फॉन्टची. लिब्रेऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रुफाची फाइल उघडली तर ल आणि श हिंदी वळणाचे. मराठीत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितो. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही तेच आहेत. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून लोहित देवनागरी हा फॉन्ट उतरवून घेतला, मजकुराला लावला, तरी ल तसाच. अर्धा दिवस यात गेला. शेवटी खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीवर नजर गेली. तिथे मजकुराची भाषा लिहिलेली असते आणि माझ्या फाइलवर ‘हिंदी’ होतं. सगळा मजकूर निवडला, त्या शब्दावर क्लिक केलं, ‘मराठी’ निवडलं. पानावरचे सगळे ल आणि श डोळ्यांदेखत पालटले. एकाच फॉन्टच्या पोटात दोन्ही वळणं असतात आणि कोणतं दाखवायचं ते भाषेवरून ठरतं, हे इतकी वर्षं या कामात असून मला माहीत नव्हतं. ते पान मी बराच वेळ नुसतं बघत बसले.

मग लेखकांकडून आलेल्या साध्या टेक्स्ट फाइली. एका कादंबरीत ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला तर निम्म्याच जागा सापडायच्या. डोळ्यांनी बघावं तर शब्द तोच. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “अगं, काहींनी वेगळा ऱ वापरलाय आणि काहींनी साधा र घेऊन हलंतानंतर न दिसणारा जोडक घातलाय. दिसतं एकसारखं, पण आत निराळं.” त्याने टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायला सांगितलं. तिथे मराठीची दशा बघून पोटात गोळाच आला: काने-मात्रा सुटलेल्या, वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली. “ते टर्मिनलचं दाखवणं तसं आहे, मावशी. तिथे प्रत्येक खुणेला ठरावीक चौकटीत बसवतात. फाइलीला काही झालेलं नाही.” आधी सगळ्या फोल्डरची नक्कल करून ठेवली. ‘ग्रेप’ या शोधायच्या आज्ञेने जोडक घातलेले ऱ्य मोजले, ते ११२ ओळींत निघाले. मग ‘सेड’ या मजकूर बदलायच्या आज्ञेची एक ओळ, आणि सगळ्या फाइली एका दमात सारख्या झाल्या. तरीही मी त्या ११२ ओळी एकेक करून वाचल्या. मशीनने बदललेलं अक्षर माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय प्रूफ पुढे जात नाही.

ते प्रूफ शुक्रवारी गेलं. आता ‘ऱ्ह’ उरलाय. ‘कऱ्हाड’ आणि ‘गुऱ्हाळ’ असलेल्या आणखी अकरा फाइली पडल्यात, त्यांनाही तीच ओळ थोडी बदलून लावायची आहे.