'हॅव्ह' लावायचा कधी?

हॅव्ह किंवा हॅज आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, हे पूर्ण वर्तमानकाळाचं सूत्र बहुतेकांना पाठ असतं. गो-वेन्ट-गॉनचे तक्तेही तोंडपाठ. अडतं ते हा काळ वापरायचा कधी, इथे.

मराठीत 'मी त्याला काल सांगितलंय' अगदी बरोबर आहे. म्हणून तोंडातून 'आय हॅव्ह टोल्ड हिम येस्टरडे' जातं आणि ते चुकतं. संपलेली वेळ सांगितली, की इंग्रजीला साधा भूतकाळच लागतो: 'आय टोल्ड हिम येस्टरडे'. लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2019 यांनाही तेच लागू. धिस मॉर्निंगचं मात्र घड्याळ पाहून ठरतं. सकाळी दहाला 'आय हॅव्ह हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग', कारण सकाळ अजून चालू आहे, तिसरा कप होऊ शकतो. तेच संध्याकाळी सांगताना 'आय हॅड'.

सगळ्यात चिवट चूक 'पासून'ची. 'पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय'चं 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' होतं. एका वाक्यात दोन चुका. हवं ते 'आय हॅव्ह लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स'. 'हॅव्ह बीन लिव्हिंग'ही चालेल. सिन्स की फॉर, याला एक सोपी कसोटी आहे: मराठीत 'गेली' किंवा 'गेले' लावून पाहा. 'गेली पाच वर्षं', 'गेले तीन दिवस' जमतं, तिथे फॉर. 'सोमवारपासून', '2019 पासून' यांचं तसं होत नाही, तिथे सिन्स.

एका ठिकाणी मराठी चक्क वाट दाखवते. 'ही हॅज गॉन टू नागपूर' म्हणजे गेलाय, अजून परतला नाही. 'ही हॅज बीन टू नागपूर' म्हणजे जाऊन आलाय. समोर उभं राहून 'आय हॅव्ह गॉन टू नागपूर' म्हणू नये, एवढं त्यातून आपोआप कळतं.

सरावासाठी रिकाम्या जागा भरण्यावर फार वेळ घालवू नका. वर धड्याचं नावच छापलेलं असतं, विचार करावा लागतोच कुठे? त्यापेक्षा जोडीने बसा. एकाने 'हॅव्ह यू एव्हर मिस्ड अ ट्रेन?' विचारायचं. उत्तर 'येस, आय हॅव्ह' आलं, की पुढचे तीन प्रश्न भूतकाळातच: व्हेन वॉज दॅट? व्हेअर वर यू गोइंग? व्हॉट डिड यू डू? काळ बदलण्याचा हा सांधाच पक्का करायचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला जीभ घसरून 'व्हेन हॅव्ह यू मिस्ड इट?' येतं, तिथेच थांबून तो प्रश्न पुन्हा विचारायला लावा. दहा मिनिटं पुरतात, पण विषय रोज नवा घ्या, नाहीतर उत्तरं पाठ होतात.

'आय जस्ट एट' ऐकलं तर दचकू नका. अमेरिकेत ते सर्रास चालतं. ब्रिटिश वळण 'आय'व्ह जस्ट ईटन'. या 'आय'व्ह'मधला 'व्ह' पटकन बोलताना जेमतेम ऐकू येतो, म्हणूनच ऐकून शिकणारे 'आय सीन इट' म्हणू लागतात. तेव्हा सराव करताना तो 'व्ह' मुद्दाम उच्चारा.

एकट्याने करायचं असेल, तर स्वतःचे जुने ईमेल काढा, त्यात 'हॅव्ह' शोधा आणि त्याच वाक्यात कुठे 'येस्टरडे' दडून बसलाय का ते पाहा.